लिंटेलच्या वर

विनायक तेंडोलकर गेल्याचं मला स्मितावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या वेंगुर्ल्याच्या घरात माणसं जमायला लागली होती. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. "गेले हो ते. पहाटे, झोपेतच," एवढं बोलून त्या थांबल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, मस्कतच्या मुलांना कसं कळवायचं? मला आत्ता शब्द सुचत नाहीत. तुम्ही इंग्रजीत चार ओळी लिहून द्या, मी पाठवते." ती मुलं म्हणजे तेंडोलकरचे विद्यार्थी. सगळे कर्णबधिर. त्यांना फोन करण्यात अर्थ नव्हता. मी चार ओळी लिहिल्या, वहिनींनी त्या मरियम नावाच्या विद्यार्थिनीला पाठवल्या. तिचं उत्तर लगेच आलं. त्यात शोकाचा शब्द नव्हता, एकच प्रश्न होता : त्यांच्याजवळ तेव्हा कोण बसलं होतं? वहिनींनी लिहिलं, "मी." त्यावर मरियमने लिहिलं, "मग ठीक."

मस्कतला मी एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर काम करत होतो आणि जवळच्याच सीबला राहत होतो. तेंडोलकर आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. वास्तुरचनेची पदविका घेऊन तो तरुणपणीच ओमानला आला, गाला भागातल्या एका सल्लागार कंपनीत बरीच वर्षं नकाशे काढत राहिला. वहिनी मदिनत सुलतान काबूसमधल्या शाळेत गणित शिकवायच्या. तेंडोलकरचा आवाज मोठा होता. जिन्यात तो फोनवर बोलला तरी तळमजल्यावरच्या किराणावाल्याला विषय समजायचा. शुक्रवारी सीबच्या मासळीबाजारात तो सुरमईचा भाव मालवणीत करायचा आणि समोरचा ओमानी म्हातारा अरबीत. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नसे आणि व्यवहार बरोबर व्हायचा. अशा माणसाने एका कॉलेजात कर्णबधिर मुलांना वास्तुरचना आणि संगणकावरचं आरेखन शिकवण्याची नोकरी धरली, तेव्हा कंपनीतल्या लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. निरोपाच्या जेवणात एक सोलापूरकर म्हणाला, "तेंडोलकर, तुझा आवाज अख्ख्या गालाला ऐकू जातो आणि तू निघालास बहिऱ्यांना शिकवायला?" तेंडोलकर म्हणाला, "म्हणानच जातंय रे. हंय कोण आयकता माझा?"

पहिलं सत्र वाया गेलं, असं तो स्वतःच सांगायचा. कॉलेजने खुणांच्या भाषेचा एक दुभाषा दिला होता. तेंडोलकर पडद्यावर रेघ ओढत बोलायचा, दुभाषा शेजारी उभा राहून हातांनी ते सांगायचा. मुलं दुभाष्याकडे बघत. त्यांनी मान वळवेपर्यंत पडद्यावरची रेघ ओढून झालेली असे. ऐकू येणारा विद्यार्थी कान एकीकडे ठेवतो आणि डोळे दुसरीकडे. या वर्गात दोन्ही कामांना डोळेच होते. हे लक्षात आल्यावर तेंडोलकरने खुणांची भाषा शिकायला घेतली आणि वर्गाची रीत बदलली. आधी काम करून दाखवायचं. मग माउस सोडायचा, दोन्ही हात वर घ्यायचे आणि काय केलं ते सांगायचं. मग पुन्हा माउस. विद्यार्थ्यालाही प्रश्न विचारायचा तर हातातलं काम थांबवावं लागायचं. अभ्यासक्रम रखडू लागला आणि वरून विचारणा झाली. त्याने उत्तर दिलं की सुतारालाही खिळे ओठांत धरून गप्पा मारता येत नाहीत.

दुसरी अडचण शब्दांची होती. पायाचं फूटिंग, जोत्याचं प्लिंथ, लिंटेल, छपराचा सांगाडा म्हणजे ट्रस, यांना खुणांच्या भाषेत शब्दच नव्हते. प्रत्येक वेळी एकेक इंग्रजी अक्षर बोटांनी दाखवायचं, तर वाक्य संपेपर्यंत आधीचा विषय विसरायला व्हायचं. म्हणून वर्गाने आपल्या खुणा बनवल्या. आडवा हात कपाळावर धरला की लिंटेल, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यावरची तुळई. तळहातावर तळहात, खुबुज रोट्यांची चळत लावल्यासारखा, की नकाशाचा लेअर. एका हाताने दुसऱ्या हाताच्या मुठीवर करवत चालवली की छेद. साइट इंजिनिअरला पोटावर गोल हात फिरवायचा, तो कुठल्या इंजिनिअरवरून आला ते सगळ्यांना माहीत होतं. खुणांनी बोलता बोलता तेंडोलकरचं तोंडही चालूच असायचं, ती सवय सुटेना. मुलांनी त्याचंच नाव ठेवलं. चार बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडायचे-मिटायचे, की तेंडोलकर सर. "ज्यांनी मला कधी ऐकलं नाही, त्यांनी माझं नाव बडबड्या ठेवलंय," हे तो आल्यागेल्याला सांगायचा.

या वर्गाचं पुढे काय होणार, हा प्रश्न त्याला पहिल्या वर्षापासून होता. कंपन्यांना ओमानी माणसं कामावर घेणं बंधनकारक होतं. कर्णबधिर मुलाला घेतलं तर पटावर नाव लागायचं आणि त्याच्याशी बोलायची कटकट नको म्हणून त्याला सांगितलं जायचं, घरी बस, पगार खात्यात येईल. पुष्कळांना ही सोय वाटे. तेंडोलकरला त्याचा संताप यायचा. पदविका हातात असली तर निदान टेबल मागता येतं, नुसत्या हजेरीच्या दाखल्यावर काही मागता येत नाही, असा त्याचा हिशोब. तेलाचे भाव पडले, कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली, त्या वर्षी ही आठ जणांची तुकडी अंतिम वर्षाला होती. त्यांत मरियम सगळ्यांत हुशार. सीबचीच, लिहायला-वाचायला चांगली, अरबी आणि इंग्रजी दोन्ही. सालिम बरका या किनाऱ्यावरच्या गावातल्या मच्छीमार कुटुंबातला. शाळेत उशिरा गेला, त्यामुळे लिहिणं त्याला जमायचं नाही. पण त्याचे नकाशे स्वच्छ असत आणि हात चालू लागले की तो थांबायचा नाही. तेंडोलकरच्या जेवणाच्या टेबलावर सालिमचा विषय रोज निघायचा. "ह्याका पास करूक व्हयो," तो म्हणायचा. "बाकीचे तरतील."

आजार आधी वर्गाने ओळखला. अंतिम वर्षाच्या सुरुवातीला एकदा मरियमने त्याला खुणेने सांगितलं, सर, नीट बोला, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता आहात. त्याचा उजवा अंगठा पुरता वळत नव्हता. त्याने हे घरी हसत सांगितलं. महिन्याभराने चहाचा कप हातातून सुटला. मस्कतला तपासण्या झाल्या, मग मुंबईला झाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, असा तो आजार. औषध नाही. मुंबईहून परतल्यावर तो मला सीबच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. गाडी मी चालवत होतो. समोर पोरं वाळूत फुटबॉल खेळत होती. गाडी थांबवून मी विचारलं,

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आधी हात. मग पाय. आवाज शेवटी जाणार म्हणे." मग म्हणाला, "ज्याचा त्या वर्गात उपयोग नाही, तो शेवटी."

त्याने कॉलेजला सांगितलं नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की देश सोडावा लागतो, हे तिथल्या प्रत्येक परदेशी माणसाला पाठ असतं. त्याला फक्त अंतिम परीक्षेपर्यंतचे महिने हवे होते. मुलांना मात्र लपवणं शक्य नव्हतं, ती रोज त्याचे हात वाचत होती. त्यांनी कुणी न सांगता एक व्यवस्था केली. मरियम पुढच्या रांगेत त्याच्याजवळ बसू लागली. तो कोपर टेकवून जेमतेम खूण करायचा, ती उठून तीच खूण पूर्ण करून वर्गाला सांगायची. माउस सालिम चालवायचा. तेंडोलकर हनुवटीने दाखवायचा, ती रेघ, ती नाही, पलीकडची. एखादी खूण फारच वेडीवाकडी झाली तर सालिम चोचीची खूण करून तिला कुलूप लावल्याचं दाखवायचा आणि वर्ग हसायचा. तेंडोलकरही हसायचा. वहिनींना हे आवडायचं नाही. "तुमच्या हातांवर हसतात आणि तुम्ही सांगता कौतुकाने," त्या म्हणायच्या. तो म्हणायचा, "अगो, रडण्यापेक्षा बरा."

हे वसंतापर्यंत चाललं. एक दिवस प्राचार्य वर्गात आले. मरियम फळ्यापुढे उभी राहून शिकवत होती आणि शिक्षक खिशात हात घालून खुर्चीवर बसले होते. प्राचार्य भला माणूस होता. त्यांनी वर्गासमोर काही विचारलं नाही, त्याला आपल्या खोलीत नेलं, कॉफी मागवली आणि त्याला कप उचलता येत नाही हे पाहिलं.

"उस्ताद, खलास," ते म्हणाले. "आता विश्रांती घ्या."

"अंतिम परीक्षेची ज्युरी होईपर्यंत राहू द्या."

"इन्शाल्ला."

हे सांगून तेंडोलकर म्हणाला, "त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे नाहीच." तरी प्राचार्यांनी जमेल तेवढं केलं. त्याला बिनपगारी रजेवर दाखवलं, म्हणजे व्हिसाची मुदत संपेपर्यंत त्याला देशात राहता आलं. वर्गावर दुसरा शिक्षक आला. ज्युरीसाठी बाहेरून नवा दुभाषा बोलावला गेला, कारण जुना दुभाषा मधल्या काळात नोकरी सोडून गेला होता.

वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याला शेवटी आपले नकाशे भिंतीवर लावून बाहेरच्या परीक्षकांपुढे उभं राहावं लागतं. असं का केलं, तसं का नाही, याची उत्तरं द्यावी लागतात. ही ज्युरी. मी दैनिकातर्फे गेलो होतो. तेंडोलकर मागच्या रांगेत होता, वहिनींनी त्याला धरून आणलं होतं. सालिमचा प्रकल्प बरक्याच्या किनाऱ्यावरची मासळी लिलावाची शेड हा होता. एका परीक्षकाने विचारलं, समुद्राच्या बाजूचं लिंटेल इतरांपेक्षा खाली का? दुभाष्याने प्रश्न नीट पोचवला. सालिमचे हात चालू लागले. कपाळावर आडवा हात गेला, खाली आला, मग सूर्य, मग मासळी, मग छपराच्या दोन-तीन खुणा. दुभाषा बघत राहिला. तो प्रामाणिक होता. त्याने परीक्षकांना सांगितलं, "माफ करा, मला हे कळत नाही. या खुणा आमच्या भाषेत नाहीत."

 मागून तेंडोलकरचा मोठा आवाज आला. तो इंग्रजीत सांगू लागला : सकाळचं ऊन समुद्राकडून येतं, ते लिलावाच्या वेळी मासळीवर पडू नये म्हणून लिंटेल खाली आणलंय. त्याने वारा अडतो, म्हणून छपराच्या कण्यापाशी फट ठेवलीय... प्रमुख परीक्षकांनी हात वर केला. ते म्हणाले, "सर, हे उत्तर विद्यार्थ्याचं आहे की तुमचं, हे आम्ही कसं ठरवायचं?" प्रश्न रास्त होता. त्या खोलीत त्या खुणा जाणणारे फक्त तो शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी होते. तेंडोलकरला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. वहिनी त्याला उठवत असताना सालिम दोघांकडे बघत होता. दार बंद झाल्यावर त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. पुढच्या प्रश्नांना त्याने उत्तर दिलं नाही. मरियमने कागद मागून घेतला आणि प्रत्येक उत्तर चित्र काढून, खाली इंग्रजी शब्द लिहून दिलं. तिचं पाहून बहुतेकांनी जमेल तसं तेच केलं. सालिम आणि आणखी एक जण नापास झाले. त्यांना हिवाळ्यात पुन्हा संधी होती.

बाहेर व्हरांड्यात तेंडोलकर भिंतीला टेकून उभा होता. निकाल अजून यायचा होता, तरी त्याला तो कळला होता. "पोरांका बोलूक शिकवलंय," तो म्हणाला, "पण फक्त माझ्याशी." त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं की सगळ्या खुणा चित्रित करायच्या आणि हिवाळ्याआधी दुभाष्याला द्यायच्या. परीक्षा समितीने ते मान्य केलं. अट एवढीच की खुणेचा अर्थ शिक्षकाने स्वतः सांगितलेला असावा. अट घालणाऱ्यांना ती साधी वाटली असावी.

उन्हाळ्यापासून हे काम सीबच्या घरात चाललं. मरियमचा भाऊ तिला गाडीने आणून सोडायचा आणि खाली थांबायचा. पडदे ओढलेले, एसी चालू, भिंतीपुढे मरियम. वहिनी फोनने चित्रित करायच्या. मरियम खूण करायची आणि कॅमेऱ्याच्या डावीकडे खुर्चीत बसलेला तेंडोलकर इंग्रजीत अर्थ सांगायचा. हात तिचे, आवाज त्याचा. क्रम त्याने ठरवला होता. इमारत ज्या क्रमाने उभी राहते त्याच क्रमाने. आधी खोदाई, मग फूटिंग, प्लिंथ, भिंती, लिंटेल, आणि शेवटी छप्पर. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, "आधी सालिमला लागतील त्या खुणा घ्या ना. त्याची शेड म्हणजे निम्मं छप्परच."

"छपरापासून घर कोण बांधतं?"

"घर कुठे बांधताय? परीक्षा आहे."

त्याने ऐकलं नाही. एका शब्दाची खूण मरियमच्या मते वर्गात बदलत गेली होती, त्यावर दोघांचा दोन दिवस वाद चालला. तिने हातांनी, त्याने नुसत्या मानेने आणि भुवयांनी. शेवटी तिचं खरं ठरलं. प्लिंथच्या सुमाराला त्याचा आवाज खणखणीत होता. भिंतींपर्यंत आला तेव्हा जीभ जड झाली होती, प्रत्येक शब्द दोनदा सांगावा लागत होता. लिंटेल झालं त्या दिवशी दिवाळीचा फराळ होता. त्याला चकली चावता आली नाही, वहिनींनी चिवडा दुधात भिजवून भरवला. छपराचं काम व्हिसाच्या शेवटच्या दिवसांत झालं. सामानाची खोकी भिंतीला लावलेली आणि त्यांच्यामधल्या जागेत मरियम उभी. तो बोलत होता, पण ऐकणाऱ्याला फक्त स्वर यायचे, अक्षरं नाहीत.

ते दोघं भारतात परतल्यावर समितीने चित्रफिती पाहिल्या. लिंटेलपर्यंतच्या ग्राह्य धरल्या. त्यापुढचा आवाज समजत नाही, असं कळवलं. वहिनींनी उलट लिहिलं, मला समजतो, मी लिहून देते. समितीने आदरपूर्वक उत्तर दिलं की त्या या विषयातल्या नाहीत. हिवाळ्यात फेरपरीक्षा झाली. दुसरा विद्यार्थी पास झाला. सालिमने पाया सांगितला, भिंती सांगितल्या, समुद्राच्या बाजूचं लिंटेल खाली का ते सांगितलं, आणि या वेळी दुभाष्याने ते सगळं नीट पोचवलं. छपराशी दुभाषा पुन्हा थांबला. सालिमला हजेरीचा दाखला मिळाला. आता तो गालामधल्या एका कंपनीच्या पटावर आहे. कंपनीने त्याला घरी बसायला सांगितलं आहे. मरियमने हे वहिनींना लिहून कळवलं, सरांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा म्हणून. वहिनींनी तो मजकूर त्याला वाचून दाखवला. त्याने डोळ्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्यानंतर वेंगुर्ल्याच्या घरात हा विषय निघाला नाही. तो पुढे काही महिने जगला.

मरियम त्याच भागात दुसऱ्या एका कंपनीत काम करते. तिला टेबल आहे. हे तेंडोलकरच्या हयातीतच झालं आणि त्याला कळलंही होतं. नोंद म्हणून ते लिहायला हवं.

दिवसकार्य आटोपून काही आठवडे झाल्यावर मी वेंगुर्ल्याला गेलो. दुपारी वहिनींनी त्याच्या खाटेशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि छपराच्या चित्रफिती लावल्या. खूण झाली की डावीकडून तो लांबट, ओला स्वर यायचा आणि तो संपायच्या आत वहिनी शब्द सांगायच्या. "हे राफ्टर." "हे पर्लिन." "हे... थांबा हं, हे रिज." एकदाही त्या चुकल्या नाहीत. मी विचारलं, "तुम्हाला अर्थ माहीत आहेत यांचे?" "अर्थ कुठले," त्या म्हणाल्या. "ते काय म्हणतात ते ऐकू येतं."

शेवटच्या चित्रफितीत मरियम दोन्ही हातांची बोटं एकमेकांत तिरपी गुंतवून ट्रसची खूण करते आणि डावीकडे बघते. तेंडोलकर चौकटीत कुठेच नाही. एसीचाच आवाज येत राहतो, त्याचा स्वर येत नाही. मरियम हात तसेच धरून उभी आहे, घाई करत नाही, मोठं माणूस बोलत असताना थांबावं तशी. बऱ्याच वेळाने ती मान हलवते, म्हणजे कळलं, आणि हात खाली घेते.

या ठिकाणी वहिनी काही बोलल्या नाहीत.